वृषणातली गाठ: आधी ‘कुठे’, मग ‘काय’

उज्जैनच्या फ्रीगंजात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी माणूस घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी-माळवी बोलतो आणि जांघेच्या खाली गाठ लागली तर कुठल्याच भाषेत बोलत नाही. आंघोळ करताना हाताला काही लागते, दोन दिवस तो पुन्हापुन्हा चाचपतो, मग मोबाइलवर शोधतो, घाबरतो आणि गप्प बसतो. काही महिन्यांनी गाठ वाढली की एखाद्या भिंतीवरची ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ ही जाहिरात त्याला आठवते.

यातल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ यांच्यात फरक करण्याची एक रीत आहे. ती सोडली तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. कर्करोग असेल तर तो हातचा निसटतो, आणि साधी गाठ असेल तर चांगले वृषण उगाच जाते.

ही रीत ‘गाठ कुठे आहे’ या प्रश्नापासून सुरू होते. जुने ज्योतिषी साऱ्या गावांचे अंतर उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून मोजत. डॉक्टरांची मध्यरेषा म्हणजे वृषण. गाठ वृषणाच्या आत, वृषणाला लागून बाहेर, की नुसत्या कातडीत, एवढे कळले की अर्धे निदान झाले.

पिशवीत काय काय असते

आपण ढोबळपणे ‘गोळी’ म्हणतो, पण पिशवीत एवढेच नसते. वृषणाच्या मागे स्वल्पविरामासारखी चिकटलेली एक लांबट नळ्यांची गुंडाळी असते, तिला अधिवृषण म्हणतात. शुक्राणू तिथे पिकतात. तिथून शुक्रवाहिनी निघते आणि रक्तवाहिन्या, मज्जातंतू यांच्यासह एका दोरीतून जांघेत वर जाते. वृषणाभोवती दोन पदरांचे पातळ आवरण असते. त्यात पाणी साचले की हायड्रोसील होते. सर्वांत बाहेर सुरकुत्यांची कातडी, आणि तिच्या खाली थंडीत पिशवी आक्रसवणारा स्नायूचा पातळ थर.

यातल्या प्रत्येक थराच्या गाठी वेगळ्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातही ‘वृद्धी’चे सात प्रकार सांगितले आहेत. त्यात पाण्याची मूत्रज, आतड्याची आंत्रज आणि चरबीची मेदोज अशी वाटणी आहे. म्हणजे फुगलेली प्रत्येक पिशवी सारखी नसते, आधी आत काय आहे ते ओळखा, हा आग्रह आपल्याकडे जुनाच आहे. मराठीत आजही आपण अंडवृद्धी आणि आंतरगळ असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, ते उगीच नाही.

टॉर्च आणि सोनोग्राफी

डॉक्टर आधी हाताने तपासतात, माणसाला उभे करून आणि मग आडवे करून. गाठीच्या वर बोटे पोचतात का हे पाहतात. पोचत नसतील तर ती गाठ पोटातून खाली उतरलेली, म्हणजे आंतरगळ असू शकते. खोकताना ती फुगते का हेही पाहतात. मग खोलीत अंधार करून पिशवीला टॉर्च लावतात. पाणी असेल तर पिशवी लालसर उजळते, भरीव गाठ असेल तर अंधार राहतो.

पुढची पायरी सोनोग्राफी. सूक्ष्म तपशील दाखवणारा प्रोब आणि रक्तप्रवाह दाखवणारा कलर डॉपलर हवा. पोटाच्या सोनोग्राफीत उरकून घेतलेली पाहणी इथे पुरत नाही. ही तपासणी दुखत नाही, किरणोत्सर्ग नसतो, आणि गाठ वृषणात आहे की बाहेर हे जवळजवळ नेहमी सांगते. चिठ्ठीवर ‘स्क्रोटल सोनोग्राफी विथ डॉपलर’ असे लिहिलेले असावे. क्वचित शंका उरली तर एमआरआय.

पिशवीत पाणी भरले असेल तरीही सोनोग्राफी करून घ्यावी. वृषणातल्या गाठीभोवती कधीकधी पाणी साचते आणि तपासणारा हात फसतो. ‘हायड्रोसीलच आहे’ असे नुसत्या हाताने ठरवून पाणी काढून टाकण्याची घाई मला तरी पटत नाही.

गाठ वृषणाच्या आत असेल तर

वृषणाच्या आतली भरीव गाठ ही दुसरे काही सिद्ध होईपर्यंत कर्करोग धरली जाते. कारण प्रौढांमधल्या अशा दहापैकी नऊ गाठी कर्करोगाच्या निघतात. भारतात वृषणाचा कर्करोग विरळा आहे, वर्षाला लाखात एका पुरुषालाही होत नाही. पण तो होतो मुख्यतः 15 ते 40 या वयात, आणि वेळेवर कळला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

म्हणून लगेच रक्त तपासतात. एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच ही तीन नावे रिपोर्टवर दिसतील. एएफपी किंवा बीटा एचसीजी वाढलेले असेल तर साध्या गाठीची आशा बहुतेक संपते. उलटे मात्र खरे नाही. सेमिनोमा हा वृषणाच्या कर्करोगाचा नेहमी आढळणारा प्रकार, त्यात एएफपी वाढत नाही आणि बीटा एचसीजीही पुष्कळदा नॉर्मल असते. ‘रक्त चांगले आले, आता काही नाही’ असे म्हणून घरी परतणाऱ्याला कुणीतरी थांबवायला हवे.

उरलेल्या दहातल्या एखाद्या गाठीची गोष्ट वेगळी आहे, आणि या लेखाचा खरा विषय तीच आहे.

एपिडर्मॉइड सिस्ट ही वृषणातली साधी गाठ. सोनोग्राफीत ती कापलेल्या कांद्यासारखी दिसते, एकात एक गोल पदर, आणि आत रक्तप्रवाह अजिबात नाही. आत कातडीसारखे अस्तर आणि त्यातून झडणारा पांढरट पापुद्रा साचलेला असतो. ती पसरत नाही. कांदा दिसला, रक्त नॉर्मल असले, गाठ छोटी असली, तर वृषण राखून फक्त गाठ काढता येते.

लायडिग पेशींची गाठ आणखी चमत्कारिक वागते. या पेशी पुरुषी संप्रेरक बनवतात. फ्रान्झ लायडिग यांनी 1850 मध्ये त्यांचे वर्णन केले म्हणून हे नाव. गाठ झाली की संप्रेरकांचा तोल बिघडतो. पाचसहा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटायला लागते, आवाज फुटतो, तो वयाच्या मानाने भराभर उंच होतो. प्रौढ पुरुषाची छाती सुजते, संबंधाची इच्छा कमी होते. अशा वेळी रुग्ण छातीची तक्रार घेऊन जातो आणि खाली कुणी हातच लावत नाही. छाती वाढलेल्या प्रत्येक पुरुषाचे वृषण तपासावे, हा नियम त्यामुळे पडला. मुलांमधल्या या गाठी साध्याच असतात. प्रौढांमध्ये सुमारे दहातली एक पुढे पसरू शकते, म्हणून ती काढल्यानंतरही वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

सर्टोली पेशींची गाठ याहून दुर्मीळ. एन्रिको सर्टोली यांनी 1865 मध्ये या पेशी दाखवल्या. मुलाच्या दोन्ही वृषणांत अशा गाठी निघाल्या आणि त्यांत चुन्याचे कण असले तर डॉक्टर त्याच्या ओठांवरचे काळे ठिपकेही पाहतात, कारण काही आनुवंशिक आजारांत हे दोन्ही एकत्र येतात. तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना आईला गाठ लागते, ती पुष्कळदा टेराटोमा असते. लहान मुलांत ती साधी, आणि तिथे वृषण वाचवण्याकडेच कल असतो. हीच टेराटोमा वयात आल्यानंतर झाली तर मात्र ती कर्करोगाच्या रांगेत धरतात. गाठीचे नाव एकच, पण वय बदलले की निकाल बदलतो.

एका प्रकारात तर चाकूच नको. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात आजारात वृषणात दोन्हीकडे गाठी येतात आणि त्या स्टेरॉइडच्या योग्य मात्रेने लहान होतात. हे न ओळखता दोन्ही वृषणे काढली तर त्या चुकीची भरपाई कशानेही होत नाही.

पिशवीतून सुई नको, कापही नको

हा भाग थोडा सावकाश वाचा.

गर्भात वृषण तयार होते ते पोटात, मूत्रपिंडाजवळ. जन्माच्या आसपास ते जांघेतून पिशवीत उतरते, पण आपल्या रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या ओढत आणते. त्यामुळे वृषणाची लस, म्हणजे लिंफ, पोटातल्या, महाधमनीजवळच्या लसगाठींकडे जाते. पिशवीच्या कातडीची लस जाते जांघेतल्या लसगाठींकडे. हे दोन रस्ते वेगळे आहेत.

आता कुणी पिशवीतून सुई घातली, किंवा पिशवीवर काप देऊन वृषणातली गाठ ‘पाहून घेतली’, आणि ती कर्करोग निघाली, तर तिच्या पेशींना दुसरा रस्ता उघडून दिला जातो. म्हणून वृषणातल्या गाठीचा काप नेहमी जांघेत, आंतरगळीच्या ऑपरेशनसारखा असतो. सर्जन दोरी वर ओढून तिच्यावर हलका चिमटा लावतात, रक्तप्रवाह थांबवतात आणि मग वृषण बाहेर काढून पाहतात. साध्या गाठीची शक्यता असेल तर गाठ सोलून तिथल्या तिथे पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. तो तुकडा गोठवून, पातळ काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. निरोप ‘साधी’ असा आला तर वृषण पुन्हा पिशवीत. ‘कर्करोग’ आला तर वृषण त्याच कापातून काढले जाते.

गाठ लहान, साधारण 2 सेंटिमीटरच्या आत, आणि रक्त नॉर्मल असेल तेव्हा हा मार्ग मुख्यतः वापरतात. ज्याला एकच वृषण आहे त्याच्यासाठी तो फार मोलाचा. ऑपरेशनआधी सर्जनला एक प्रश्न अवश्य विचारा: इथे फ्रोझन सेक्शन होते का? होत नसेल तर दुसऱ्या शहरात जाण्याएवढा हा प्रश्न मोठा आहे. मूल व्हायचे बाकी असेल तर वीर्य साठवून ठेवण्याचाही विचार ऑपरेशनआधीच करावा.

एक वृषण गेले तरी दुसरे निरोगी असेल तर पुरुषत्व आणि बाप होण्याची क्षमता बहुधा शाबूत राहते. हे वाक्य डॉक्टरांनी रुग्णाने न विचारताच सांगावे. तो स्वतःहून विचारणार नाही.

वृषणाबाहेर, पिशवीच्या आत

इथे चित्र उलटते. वृषणाबाहेरच्या बहुतेक गाठी साध्या. अधिवृषणात, पुष्कळदा त्याच्या खालच्या टोकाला, वाटाण्याएवढी टणक, न दुखणारी गाठ लागते, ती बऱ्याचदा अॅडिनोमॅटॉइड ट्यूमर. 20 ते 50 या वयात अधिक. ती कर्करोगात बदलत नाही. फक्त गाठ काढली की प्रश्न मिटतो, वृषण काढण्याची गरज नाही. अडचण एवढीच की सूक्ष्मदर्शकाखाली ती अननुभवी डोळ्याला कर्करोगासारखी भासू शकते. म्हणून कॅलरेटिनिनसारखे खास रंग देऊन खात्री करतात.

अधिवृषणात दोन्ही बाजूंना पॅपिलरी सिस्टॅडिनोमा नावाची गाठ निघाली तर डॉक्टर डोळे, मेंदू आणि मूत्रपिंडही तपासायला सांगतील. व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते. दोरीतली चरबीची गाठ, लायपोमा, बहुतेक वेळा आंतरगळीच्या ऑपरेशनमध्ये अचानक सापडते. मात्र दोरीतली मोठी, भरभर वाढणारी चरबीची गाठ एमआरआयशिवाय हलकी समजू नये. प्रौढांत तिथे चरबीचा कर्करोगही होतो.

गाठीचे सोंग

आपल्या देशात गाठ म्हणून येते ती अनेकदा गाठ नसते. अधिवृषणाचा क्षय इथे अजून दिसतो. दोरी मण्यांच्या माळेसारखी लागते, कधी पिशवीच्या मागून पू वाहतो. तिथे ऑपरेशन नको, क्षयाची औषधे हवीत. नसबंदीनंतर शुक्रवाहिनीच्या कापलेल्या टोकाशी शुक्राणू झिरपून दुखरा दाणा होतो, तोही साधा. अधिवृषणाची पाण्याची पुटकुळी तर इतक्या पुरुषांत असते की त्रास नसेल तर तिला हात लावू नये.

कातडीवरचे दाणे

चाळिशी-पन्नाशीनंतर पिशवीवर काळपट-लाल, मोहरीएवढे ठिपके येतात. फोर्डाइस यांनी 1896 मध्ये वर्णन केलेले हे अँजिओकेराटोमा म्हणजे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. खाजवले की रक्त येते आणि चड्डीवरचा डाग पाहून माणूस हादरतो. उपचार नाही केला तरी चालतो. त्रास झाला तर लेसर किंवा विजेच्या सुईने जाळतात. पण मुलाला असे ठिपके बेंबीपासून मांड्यांपर्यंत आले, हातापायांची आग होत असेल आणि घाम कमी येत असेल, तर तो फॅब्री आजार असू शकतो. त्याचे धोके मूत्रपिंडाला आणि हृदयाला आहेत.

पिशवीवर पांढरट, खड्यांसारख्या अनेक गाठी असतील तर तो कॅल्सिनोसिस. रक्तातले कॅल्शियम सहसा नॉर्मलच असते. नको वाटल्या तर काढता येतात. कातडीखालच्या स्नायूची गाठ, लायोमायोमा, विरळा आणि सावकाश वाढणारी.

फोडाला खपली धरत नसेल, चिघळत असेल, कडा जाड होत असतील, तर मात्र तुकडा काढून तपासलाच पाहिजे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या पिशवीवरचा कर्करोग काजळीशी जोडला. पुढे सूतगिरण्यांत यंत्राचे खनिज तेल कपड्यांतून कातडीला लागणाऱ्या कामगारांतही तोच आढळला. उज्जैनही एके काळी गिरण्यांचे गाव होते. लेथवर काम करणाऱ्याने तेलाने भिजलेली पँट रोज बदलावी, ही सूचना आजही शिळी झालेली नाही.

लिंगावरच्या गाठी

काही पुरुषांत बोंडाच्या कडेला एका रांगेत मोत्यांसारखे बारीक दाणे असतात. तो आजार नाही, संसर्गही नाही, आणि लग्न ठरलेल्या मुलांनी त्यांना अॅसिड लावू नये.

खऱ्या गाठी दुर्मीळ आहेत. वरच्या बाजूला मज्जातंतूच्या वाटेवर हळूहळू वाढणारी, सहसा न दुखणारी श्वानोमा. आकाराच्या मानाने भलतीच दुखणारी ग्लोमस गाठ. दाबली की चपटी होणारी निळसर रक्तवाहिन्यांची गाठ. तिच्यावर लेसर किंवा तिच्यात औषध टोचून आक्रसवणे हे पर्याय कापण्याआधी पाहतात. ताठरतेच्या नसा इथे फार जवळ असतात, त्यामुळे हे ऑपरेशन युरोलॉजिस्टने करावे. जाड करण्यासाठी तेल किंवा सिलिकॉन टोचून घेतलेल्या पुरुषांतही टणक गाठी बनतात. डॉक्टरांनी विचारले तर लपवू नका, निदान त्या एका उत्तरावर ठरते.

फुलकोबीसारखी पसरत जाणारी मोठी चामखीळ वेगळी. बुश्के आणि लोवेनश्टाइन यांनी 1925 मध्ये तिचे वर्णन केले. ती एचपीव्ही 6 आणि 11 या विषाणूंमुळे होते, शेजारचे मांस खात जाते आणि तिच्यात कधीकधी कर्करोग लपलेला असतो. म्हणून ती कडेच्या निरोगी कातडीसह पूर्ण काढतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस या दोन विषाणूंवरही चालते आणि ती मुलांनाही देता येते.

उज्जैनहून कुठे

पहिली तपासणी आणि सोनोग्राफी शहरातच होते. जिल्हा रुग्णालय आहे, आगर रस्त्यावर सुरासाला आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेज आहे. वृषण राखून करायच्या ऑपरेशनसाठी युरोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच वेळी हवेत. ती सोय जवळ नसेल तर इंदूर 55 किलोमीटरवर आहे. त्यापुढे भोपाळचे एम्स. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर शंका असेल तर रुग्णाला मुंबईला नेण्याआधी त्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे टाटा मेमोरियलला दाखवता येतात. ते रुग्णालयाकडून मागून घ्या. आयुष्मान कार्ड असेल तर भरती होण्याआधीच खिडकीवर विचारा.

वृषणात अचानक, असह्य दुखायला लागले तर हे सगळे विसरा. तो पीळ असू शकतो. काही तासांतच वृषण मरू शकते, थेट तातडीच्या विभागात जा.

ती बाटली

आपल्याकडे ऑपरेशन झाले की काढलेली गाठ बाटलीत घालून बऱ्याचदा नातेवाइकांच्या हातात देतात आणि लॅबमध्ये द्या म्हणतात. कातडीवरची असो की आतली, ‘साधीच दिसतेय’ म्हणून ती फेकू देऊ नका. बाटलीत फॉर्मॅलिन हवे, पाणी, सलाइन किंवा स्पिरिट नको. द्रव गाठीच्या दहापट तरी असावा. बाटलीवर नाव आणि कुठल्या बाजूची गाठ हे लिहिले आहे का पाहा, आणि ती कपाटावर न ठेवता त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवून पावती घ्या.